बीएच्या मुलांनी संशोधन करावं का? केलं तर कशावर?

जुनी_वही
मी एका तालुक्याच्या गावी बीएला अर्थशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. म्हणजे त्या पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये. यूजीसीच्या आराखड्यात चार वर्षांची पदवी किमान १६० श्रेयांकांची (क्रेडिट), आणि संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर त्यातले १२ श्रेयांक प्रबंधाचे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील त्यांनाच ती वाट मोकळी.

माझं मत आधीच सांगते. संशोधन सगळ्याच मुलांनी करावं. ७५ टक्केवाल्यांनी तर करावंच, ५५ वाल्यांनीही करावं आणि त्यासाठी चौथ्या वर्षाची वाट बघू नये. पण सध्या जे चालतं ते बघवत नाही. 'भारतातील बेरोजगारी : एक अभ्यास', 'महिला सक्षमीकरण : एक चिकित्सक अभ्यास'. विषय देशाएवढा आणि आतली माहिती गुगलवरची. विसाव्या वर्षी मूल असं काय शोधू शकतं, जे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सापडणार नाही? तुमचे अनुभव सांगा. विद्यार्थी म्हणून, शिक्षक म्हणून, पालक म्हणून, कसेही.

डोंबिवलीकर
आमच्याकडे प्रकल्पाच्या बांधीव प्रतीला ब्लॅक बुक म्हणतात. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीच्या फाइली पेन ड्राइव्हवर तयारच असतात. नाव, रोल नंबर, गाइडचं नाव बदलायचं, सोनेरी अक्षरांचं बायंडिंग करायचं, झालं. व्हायवाला एकच प्रश्न : "हे तूच केलंस ना?" माझ्या पुतणीने मात्र सगळं स्वतः लिहिलं होतं. तिलाही तोच प्रश्न आणि शेजारच्या मुलीइतकेच मार्क. पुढच्या वर्षी ती कशाला लिहील?

खान्देशी_पोरगा
मी सध्या टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र. घरी विचारतात, प्रोजेक्ट करून नोकरी लागेल का? खरं सांगायचं तर निम्मा वर्ग एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसतो. सर विषय निवडायला सांगतात तेव्हा आम्ही 'सोपा कोणता' एवढंच बघतो. 'आपला कोणता' असं कुणी विचारलंच नाही आजवर.

मोडीप्रेमी
खान्देशी_पोरगा, तुझ्या जिल्ह्यात धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. एकदा जाऊन ये. इतिहासकार वि. का. राजवाडे स्वतः गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचे, पेटीतले कागद मिळवायचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले त्यांनी, पहिला १८९८ चा.

इतिहासाच्या मुलांना माझं सांगणं एवढंच की शिवाजी महाराजांवर प्रबंध लिहू नका, एक कागद नीट वाचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि मोडी वाचणारे डोळे फार थोडे. मोडीचा वर्ग काही आठवड्यांचा असतो. त्यानंतर चांगला सराव केलेला मुलगा वर्षभरात वीसेक कागदांचं लिप्यंतर, त्यातल्या माणसांची, गावांची, हिशेबांची टिपणं असं काम सहज करू शकतो. मार्गदर्शकाने ते तपासलं की पुढच्या अभ्यासकाच्या ते थेट उपयोगी पडतं.

मोडी नको असेल तर गावातली जुनी शाळा बघा. शंभर वर्षांच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, जात, बापाचा धंदा, दाखल कधी, शाळा सोडली कधी, कारण काय. एका गावात मुली शाळेत कधी आल्या आणि कोणत्या घरांतून आल्या, हे त्या रजिस्टरात लिहिलेलं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि नावं छापू नका, म्हणजे झालं.

आणि वयाचं म्हणाल तर बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध १९१६ मध्ये कोलंबियात विद्यार्थी असतानाच वाचला होता.

सहज_वाचक
मोडीप्रेमी, रजिस्टरची कल्पना फार आवडली. पण बाबासाहेबांचं उदाहरण इथे लागू नाही. तेव्हा त्यांची एम.ए. झाली होती आणि वय पंचविशीचं होतं. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात तो निबंध वाचला गेला, म्हणजे ते पदव्युत्तर काम. बीएच्या मुलासमोर ती मोजपट्टी धरली तर तो हातच लावणार नाही.

मोडीप्रेमी
मान्य. तरीही मुलांना हे उदाहरण सांगावं असं मला वाटतं. मोजायला नको, बळ यायला हवं म्हणून.

पिंपळपान
मूळ प्रश्न असा आहे की विद्यार्थ्याला असं काय सापडतं, जे दुसऱ्याला सापडत नाही. याला शंभर वर्षांपूर्वीचं एक उत्तर आहे आणि आपल्याकडे ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९१५ मध्ये गिल्बर्ट स्लेटर नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक मद्रास विद्यापीठात आले. पुस्तकांत हिंदुस्थानातल्या खेड्यांबद्दल धड काही मिळेना. मग त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली दिली आणि सांगितलं, सुट्टीत घरी जाताय ना, आपलं गाव लिहून आणा. जमीन कुणाकडे किती, मजुरी किती, कर्ज कुणाचं, कोणत्या जातीची घरं किती, बाजारात काय येतं. मुलांनी लिहून आणलं आणि १९१८ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं.

ती गावं तिथेच सुटली नाहीत. १९३० च्या दशकात त्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तीच गावं पुन्हा पाहिली. १९६१ मध्ये पुन्हा, १९८० च्या दशकात पुन्हा. त्यांतल्या इरुवेलपट्टू या गावाचा अभ्यास तर २००८ पर्यंत होत राहिला. तमिळनाडूतल्या खेड्यात जमीन, मजुरी आणि जातींचे संबंध शंभर वर्षांत कसे बदलले हे आज गावाच्या पातळीवर सांगता येतं. ते कशाच्या आधारावर? सुट्टीला घरी गेलेल्या मुलांच्या वह्यांच्या. त्या मुलांनी कोणताही सिद्धांत मांडला नव्हता. गाव ओळखीचं होतं, घरात प्रवेश होता, आणि विचारलेलं त्यांनी नीट लिहून ठेवलं होतं.

त्याच सुमाराला आपल्याकडे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. १९१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे अजून अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत येतात : १७७१ मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. पुढे त्यांनी कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुकचाही तसाच अभ्यास केला. शेतजमिनीच्या तुकडेकरणाबद्दल देशभर जी चर्चा झाली तिच्या मुळाशी अशी एकेका गावाची मोजणी आहे.

म्हणून म्हणतो, जुनी_वही ताई, मुलांना सिद्धांत मागू नका. नोंद मागा. पण ती नोंद अशी हवी, की पन्नास वर्षांनी दुसरं कुणी तीच प्रश्नावली घेऊन त्याच दारात उभं राहू शकेल.

प्राजक्ता_सांगवी
काका!! मी पिंपळे सौदागरला राहते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगवरून इतकी भांडणं होतात आणि इथे एकेकाळी ४० एकर सरासरी होती? पुढच्या मीटिंगला हा आकडा सांगणार आहे. 😄

पिंपळपान
जरूर सांगा. आणि सोसायटीत एखादं बीएचं मूल असेल तर त्याला गावठाणातल्या जुन्या घरांकडे पाठवा. जमीन विकल्यावर त्या पैशाचं काय झालं, घरातल्या मुलींना त्यातलं काय मिळालं, आज ते कुटुंब कशावर जगतं, हे विचारून लिहून ठेवायला हवं. ज्यांनी ती शेती स्वतः केली ती पिढी आता फार थोडी उरली आहे.

अनिवासी_अनघा
इथे अमेरिकेत याला मोठी परंपरा आहे. एमआयटीने १९६९ मध्येच पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात घ्यायची योजना सुरू केली. पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनाची राष्ट्रीय परिषद १९८७ मध्ये ॲशव्हिल इथे भरली आणि तेव्हापासून भरते. तिथे इतिहास, नृत्य, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र असे सगळे विषय एकत्र असतात.

माझी मुलगी एका छोट्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकते. शेवटच्या वर्षी तिने इथल्या मराठी मंडळातल्या आज्यांशी बोलून प्रबंध लिहिला : मुलांची मुलं सांभाळायला सहा-सहा महिने येणाऱ्या बायका. त्यात सगळ्यात मोलाची वाटली ती आधीची तयारी. एकीशीही बोलण्याआधी कॉलेजच्या समितीची मंजुरी. प्रश्न काय विचारणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कधी पुसणार, आजी मधेच नको म्हणाल्या तर काय, सगळं लिहून द्यायचं. एका आजींनी सुनेबद्दल बरंच बोलून झाल्यावर "हे नको घालूस हो" म्हटलं आणि तिने ते काढलं. गाइड तिला दर आठवड्याला भेटायच्या.

तासिका_सर
अनघाताई, दर आठवड्याला भेटणारा गाइड इथे कुठून आणायचा?

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सीएचबी, म्हणजे घेतलेल्या तासांचं मानधन. आमच्या विभागात कायम प्राध्यापक एक, निवृत्तीला आलेले. बाकी आम्ही. मे महिन्यात आम्हाला मानधन नाही, आणि मुलांना क्षेत्रकामाला वेळ असतो तो नेमका सुट्टीतच. एका शिक्षकामागे मुलं इतकी की नुसते विषय वाचण्यातच सत्र संपतं.

आणखी एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. संशोधनासह ऑनर्स चालवायचं तर विभागात किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, तेही पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक. तालुक्याच्या किती कॉलेजांत आहेत असे? म्हणजे आमची हुशार मुलगी तीन वर्षं इथे शिकणार आणि चौथ्या वर्षाला तिला शहर गाठावं लागणार. तिचे आईवडील पाठवतील? खोलीचं भाडं कुठून येणार? ज्या मुलांच्या पायाखाली संशोधनाचे विषय आहेत त्यांनाच त्या वर्षात जागा नाही, याचा मला फार राग येतो. पदं भरा, मग संशोधनाचं बोला.

खान्देशी_पोरगा
सर, आमच्या वर्गातल्या दोघींचं अगदी असंच होणार आहे. दोघींना ७५ च्या वर आहेत.

जुनी_वही
तासिका_सर, तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. पदं भरण्यासाठी भांडायलाच हवं. तोवर माझ्यासमोरच्या मुलांचं काय, म्हणून मी बाहेर लोकांत जाऊन करायच्या क्षेत्र प्रकल्पाकडे बघतेय. महाराष्ट्राच्या आराखड्यात तो तीन वर्षांच्या पदवीतच आहे. तिथे ना ७५ टक्क्यांची अट, ना मान्यताप्राप्त मार्गदर्शकाची. तो आपण किती गांभीर्याने घेतो एवढाच प्रश्न आहे.

आधी_वाचा
माझं मत वेगळं आहे. बीएच्या मुलाने तीन वर्षांत एक अख्खं पुस्तक वाचलेलं नसतं. बाजारातल्या गाइडबुकांवर आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर पदवी मिळते. त्याच्या हातात प्रश्नावली देऊन काय होणार? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर मार्चमध्ये गुगल फॉर्म येतात. 'तुम्हाला सक्षम वाटते का? होय / नाही / सांगता येत नाही.' पन्नास जणांनी भरला की निष्कर्ष : स्त्रिया सक्षम होत आहेत. याला संशोधन म्हणायचं? त्यापेक्षा पाच चांगली पुस्तकं वाचायला लावा आणि प्रत्येकावर पाच पानं स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा.

अहिराणी_माय
आधी_वाचा, पाच पुस्तकांना माझा पाठिंबा. पण वाचन आधी आणि शोध नंतर, असा क्रम मला वर्गात कधी दिसला नाही. स्वतःचा प्रश्न पडला की मूल वाचायला लागतं.

मी मराठी शिकवते. आमच्या मुलांना बोलीचा विषय देते. आधी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेलं बोलींचं सर्वेक्षण नेटवर आहे ते ऐकायला लावते, गावोगावच्या लोकांची ध्वनिमुद्रणं आहेत त्यात. मग सांगते, आता आपल्या घरातलं आण. एका मुलाने आजोबांकडून बैलगाडीच्या भागांची नावं घेतली. त्याच गावातल्या सुताराने त्यातली काही वेगळी सांगितली. मुलगा गोंधळला आणि मग स्वतःहून ग्रंथालयात कोश शोधायला गेला. त्याआधी तो ग्रंथालयात फक्त परीक्षेचा फॉर्म भरायला जायचा.

साहित्याच्या मुलांसाठी जात्यावरच्या ओव्याही आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि आता त्या नेटवर वाचता-ऐकता येतात. त्यातला एकच विषय घ्या. भाऊ घ्या, पंढरी घ्या, सासर घ्या. पन्नास ओव्या नीट वाचल्या तरी बीएच्या मुलाला लिहिण्यासारखं पुष्कळ मिळतं. हे वाचनही आहे आणि संशोधनही.

सहज_वाचक
यात भर घालतो. बऱ्याच नगर वाचनालयांत जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक पडून आहेत. एका वर्षाच्या अंकांतल्या फक्त जाहिराती बघा. किंवा फक्त वाचकांची पत्रं. घराबाहेर न जाता येणाऱ्या मुलींसाठीही हे काम जमण्यासारखं आहे. गावाची जुनी माहिती हवी तर जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका बघा. पुस्तिकेत गावनिहाय आकडे असतात, पण मुलांना ती असते हेच माहीत नसतं.

मांडवी
गोव्यातून लिहितेय. आमचं पुराभिलेखागार १५९५ सालचं, पण जुने कागद पोर्तुगीजमध्ये. पदवीच्या मुलांना ते वाचता येत नाहीत. म्हणून आमच्याकडच्या एका बाईंनी मुलांना उलट्या बाजूने धाडलं : गावातल्या वयस्क माणसांना विचारा, १९६१ च्या आधी शाळेत कोणती भाषा होती, घरात कोणती, देवळात कोणती. मुलांनी आणलेली उत्तरं एकमेकांशी जुळेनात. बाई म्हणाल्या, जुळवू नका, तशीच लिहा.

कोयता_लेक
हा धागा दोन दिवस वाचतेय. मी बीड जिल्ह्यातली. बीएला समाजशास्त्र होतं, आता एका संस्थेत काम करते.

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घ्यायचे. सरांनी विषय निवडायला सांगितला तेव्हा मी 'स्त्रीभ्रूणहत्या' लिहून दिला होता, कारण सगळे तेच घेत होते. सर म्हणाले, तुझ्या घरी उचल येते ना? ती कशी येते, कुणाच्या हातात येते, ते लिही. मला आधी लाज वाटली. आमच्या घरचं काय लिहायचं, असं वाटलं.

मग गावातल्या तोडणीला जाणाऱ्या घरांतून फिरले. नवराबायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याची असते, बोलणी मुकादम आणि नवऱ्याची होतात, हिशेब मुकादमाच्या वहीत. मी बायकांना एवढंच विचारत गेले : औंदा उचल किती घेतली? बऱ्याच जणी म्हणाल्या, "मालकाला विचार." म्हणजे नवऱ्याला. अर्धा कोयता तिचा, फडात ती मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत टाकते, घरी येऊन भाकरी तीच करते, आणि आकडा तिला माहीत नाही. हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं नसतं. माझ्या आईलाही मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

मुकादमाला कळल्यावर तो घरी आला, वही दाखव म्हणाला. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नावं लिहायची नाहीत, घराला आकडा द्यायचा आणि आकड्यांची यादी वेगळी, कॉलेजात ठेवायची. त्याने वही चाळली, त्याला काही कळलं नाही, तो गेला. अनघाताईंनी लिहिलेल्या परवानग्या आमच्याकडे जास्तच लागतात, कमी नाही. आमच्या लोकांनी खरं बोलल्याची किंमत पुढच्या हंगामात मोजावी लागते.

आधी_वाचा, मी तोवर एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं, हे खरंय. त्यानंतर वाचायला लागले.

आधी_वाचा
कोयता_लेक, तुमच्या सरांसारखा प्रश्न विचारणारा शिक्षक असेल तर माझा विरोध नाही. गुगल फॉर्मला मात्र कायम राहील.

डोंबिवलीकर
वरचा प्रतिसाद मी पुतणीला पाठवला. तिने विचारलंय, तुमचा तो प्रकल्प वाचायला मिळेल का?

कोयता_लेक
माझ्याकडे झेरॉक्स आहे. कॉलेजातली प्रत मध्ये विचारली तर मिळाली नाही. जुने प्रकल्प रद्दीत गेले म्हणाले.

पिंपळपान
हे वाचून फार वाईट वाटलं. स्लेटरांच्या मुलांच्या वह्या छापल्या गेल्या म्हणून शंभर वर्षं टिकल्या. इथे तर एवढं काम दोन-चार वर्षांत रद्दीत. जुनी_वही ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर ग्रंथपालाकडे आहे. चांगल्या प्रकल्पाला पुस्तकासारखा दाखल क्रमांक द्या, कपाट द्या, पीडीएफ ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलाला पहिलं काम हेच द्या की मागचा प्रकल्प वाच आणि त्याच्या पुढे जा. कॉपी करण्याचं प्रमाणही उतरेल, कारण मागचं काय आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असेल.

तासिका_सर
ग्रंथपालाचं पदही आमच्याकडे रिकामं आहे. पण कपाट आहे. ते मी करतो.

मोडीप्रेमी
आविष्कारबद्दल कुणी लिहिलं नाही? विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या, भाषा, ललित कला असा वेगळा गट असतो, पदवीची मुलंही भाग घेतात. चांगली संधी आहे. फक्त भित्तिपत्रक करायच्या नादात वही राहून जाऊ नये.

सहज_वाचक
आणि पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांपासून मुलांना वाचवा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून शिक्षकांनीच नियतकालिक पारखून सांगायला हवं. बीएच्या मुलाला छापील पेपरची काही गरज नाही.

जुनी_वही
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय : या वर्षी वर्गाला एकच विषय, गावातला आठवडी बाजार आणि मजुरी. प्रत्येकाने आपल्या गावातली दहा घरं करायची, प्रश्नावली सगळ्यांची एकच, नावं नाहीत, वह्या ग्रंथालयात. पिंपळपान काका, प्रश्नावलीचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते, कृपया बघा. शाळेच्या रजिस्टरांसाठी इतिहासाच्या सरांशी बोलणार आहे.

कोयता_लेक, आमच्याकडूनही तोडणीला टोळ्या जातात. तुम्ही मुलांशी एकदा बोलाल का? क्षेत्र प्रकल्प आमच्याकडे दुसऱ्या सत्रात आहे, जानेवारीत आलात तर बरं होईल.

कोयता_लेक
येईन, नक्की. पण ताई, जानेवारीत घरं बंद असतात. म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं, एवढीच मागे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. उचलीचं बोलणं पावसाळ्यात चालतं. विचारायचं असेल तर ऑगस्टमध्ये विचारा.

जुनी_वही
मग मुलाखती पहिल्या सत्रातच घेते, लिखाण दुसऱ्यात. प्राचार्यांना उद्याच विचारते. ऑगस्टचा कोणता आठवडा जमेल तुम्हाला?

कोयता_लेक
पोळ्याच्या आधीचा. पोळ्याला सगळे घरी असतात, पण कामात असतात.